मनाईच्या पाटीची सोसायटी

सरकारने जुगार बंद करायचा ठरवला आणि त्या कामी माझी निवड केली, असं मी म्हटलं की माझी बायको मंदाकिनी अजून हसते. हसू दे. पण घडलं ते असंच, आणि शेवटपर्यंत सरकारच्या बाजूने उभा राहिलेला डोंबिवली पूर्वेतला एकमेव माणूस मी होतो, हेही कुठेतरी नोंदवलं गेलं पाहिजे.

आमची नवप्रभात सोसायटी मानपाडा रोडच्या आत. मागच्या कंपाउंडच्या भिंतीला एक खिंडार होतं. ते बिल्डरने ठेवलं, की पावसाने पाडलं, की लोकांनी पाडून घेतलं, यावर सोसायटीत तीन पक्ष होते. खिंडारापलीकडे पडीक शेत आणि शेताच्या कडेला एक पत्र्याची शेड. शेडमध्ये दौलत नावाचा गृहस्थ बसायचा आणि मटक्याचे आकडे घ्यायचा. स्टेशनच्या बाजूने येणारं त्याचं सगळं गिऱ्हाईक आमच्या पुढच्या गेटातून शिरायचं, माझ्या तळमजल्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीखालून जायचं आणि खिंडारातून पलीकडे उतरायचं. माणसं सभ्य होती. जाताना कुणी कुंडी लाथाडली नाही की वाळत घातलेल्या कपड्यांना हात लावला नाही. पण जाताना ती फार आशेने जायची आणि येताना फार तत्त्वज्ञ होऊन यायची, आणि हे रोज बघून माझा आयुष्यावरचा विश्वास उडत चालला होता.

अशात एके दिवशी दारात हवालदार उभा. "टिपणीस सेक्रेटरी तुम्हीच ना?" पोलिसाने नुसतं नाव विचारलं तरी निर्दोष माणसाला आपले गुन्हे आठवू लागतात. मी सेक्रेटरी होतो हे खरं. वार्षिक सभेला थोडा उशिरा पोचलो, तेवढ्यात माझी एकमताने निवड झाली होती. मी त्याला खुर्ची दिली.

"साहेब, वरून नवीन धोरण आलंय," हवालदार म्हणाला. "आता अड्डा उठवायचा नाही."

"नाही?"

"उठवला की दुसरीकडे बसतो. मग तो परत शोधायला माणसं लागतात. आता अड्डा राहू द्यायचा, वाट बंद करायची. गिऱ्हाईक पोचलंच नाय तर धंदा आपोआप बसतो."

"पण वाट आमच्या सोसायटीतून जाते."

"म्हणून तर तुमच्याकडे आलो."

मी आयुष्यभर सरकारी कचेरीत हेडक्लार्क. 'वरून आलंय' हे शब्द ऐकले की माझी पाठ आपोआप ताठ होते. शिवाय माझं स्वतःचं एक कारण होतं. माझ्या चित्राला बघायला ठाण्याहून, वर्तकनगरचे चौबळ येणार होते. आजवर आलेल्या प्रत्येक फोटोला चित्राने पाहताक्षणी 'नको' म्हटलं होतं. या आनंद चौबळच्या फोटोला ती 'बघू' म्हणाली. ज्यांच्या घरी लग्नाची मुलगी आहे त्यांनाच या 'बघू'ची किंमत कळेल. असं स्थळ दिवाणखान्यात बसलेलं असताना खिडकीखालून 'आज पंजा येणार बघ' असे संवाद जाऊ लागले, तर ते स्थळ उठून गेलं असतं. म्हणून मी सरकारला होकार दिला.

पहिली पायरी म्हणून हवालदाराने पाटी सुचवली. मजकूरही त्यानेच सांगितला: 'या वाटेने मटक्याच्या अड्ड्यावर जाण्यास सक्त मनाई आहे. हुकुमावरून.' पेंटरने विचारलं, "या वाटेने म्हणजे कुठल्या?" प्रश्न रास्त होता. तेव्हा आम्ही खाली ठळक बाण काढून घेतला. लाल रंगात. रात्रीही दिसावा म्हणून वर एक दिवा सोसायटीच्या खर्चाने.

त्याचा परिणाम ताबडतोब झाला. गर्दी वाढली. वर्षानुवर्षं डोंबिवलीत राहून ज्यांना अड्डा कुठे आहे हे माहीत नव्हतं, त्यांची फार मोठी सोय झाली. हातात ब्रीफकेस घेतलेल्या एका गृहस्थाने तर मलाच अदबीने विचारलं, "मनाईची वाट ती हीच का?" मी कडाडून 'हो' म्हणालो, तर तो "थँक्यू" म्हणून बाणाच्या दिशेने चालू पडला. स्टेशनवरचे रिक्षावाले आमची सोसायटी 'मनाईच्या पाटीची' म्हणून ओळखू लागले. पंधरा वर्षं आम्ही नवप्रभात होतो, ते एका पाटीने पुसून टाकलं.

तेव्हा सभा बोलावली. आमच्या सोसायटीत सल्ल्यांची टंचाई कधीच नव्हती. वरच्या मजल्यावरचे अण्णा निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "टिपणीस, आपण त्या लोकांचे प्रबोधन करावे. मी स्वतः रोज सायंकाळी खिंडारापाशी उभा राहून संभाव्यतेचे गणित समजावून सांगेन." त्यांनी ते खरोखर केलं. चार दिवसांनी दौलतची गिऱ्हाइकं अण्णांना वाकून नमस्कार करू लागली आणि गणितं त्यांच्याकडून तपासून घेऊ लागली, तेव्हा अण्णांना आम्ही वर बोलावून घेतलं. कुणी म्हणालं कुत्रा पाळा. कुणी म्हणालं देवांची चित्रं असलेल्या फरशा लावा. हा उपाय मी तिथल्या तिथे फेटाळला, कारण आकडा लावणाऱ्याइतका भाविक माणूस दुसरा नसतो. तो देवासाठी दिवसातून दोनदा जास्त आला असता. शेवटी भिंत बांधायची ठरली.

बायकांचा मात्र भिंतीला विरोध होता. पिठाची गिरणी खिंडारातून जवळ पडायची. आणि त्याहून मोठं म्हणजे खाडीकडून मासळीची पाटी घेऊन येणारी मनुबाई कोळीण त्याच वाटेने आमच्याकडे यायची. मंदाकिनीने मला सभेतच ऐकवलं, "मनुबाई अडली तर या घरात पानात काय पडेल ते बघा." आम्ही कायस्थ. ही धमकी काय होती ते आमच्यातल्या लोकांना सांगायला नको. पण मी डळमळलो नाही. मोठ्या कार्यात घरचा विरोध व्हायचाच.

भिंतीसाठी निधी हवा होता. वर्गणी कुणी देईना, म्हणून कोजागिरीला गच्चीवर हाउजीचा कार्यक्रम ठेवला. हाउजी हा जुगार नव्हे, हे आम्ही आधी एकमताने ठरवून घेतलं. बंदोबस्ताला हवालदार आला होता. पहिली ओळ त्यालाच लागली. दौलतही आला, पांढऱ्याशुभ्र शर्टात. त्याचं फुल हाउस झालं आणि बक्षीस त्याने टाळ्यांच्या गजरात भिंतीच्या निधीला परत केलं. "साहेब," तो मला बाजूला घेऊन म्हणाला, "आमच्याच धंद्यातली मानसं तुमी. मदत नको करायला?" मी त्याला चांगलं झापणार होतो, पण तेवढ्यात आटीव दूध आलं.

विटा आल्या, गवंडी आला, आणि त्याच्यामागोमाग दुसरं खातं आलं. पहिलं खातं म्हणजे खाकी कपड्यांचं. हे दुसरं नकाशाच्या भेंडोळ्याचं. खात्यांची नावं घेत नाही. दोन्ही अजून जागच्या जागी आहेत आणि मला अजून घरपट्टी भरायची आहे. नकाशावाल्या साहेबांनी आमच्या कट्ट्यावर भेंडोळं उलगडलं आणि खिंडारावर पेन्सिल ठेवली.

"इथे भिंत घालता येणार नाही. इथून रस्ता जातो."

"कुठे जातो?"

"आराखड्यात."

"मग रस्ता कधी होणार?"

"त्याला वेळ आहे. पण अतिक्रमण मात्र आजच होतंय."

मी म्हणालो, "अहो, दुसऱ्या सरकारी खात्याचा हुकूम आहे, वाट बंद करा म्हणून." ते म्हणाले, "वाट त्यांची, रस्ता आमचा." मी दोन्ही खात्यांच्या मध्ये काही दिवस सायकल दामटली. पहिलं खातं म्हणायचं भिंत नसेल तर तुम्हाला जबाबदार धरू, दुसरं म्हणायचं भिंत असेल तर तुम्हाला जबाबदार धरू. एवढा जबाबदार माणूस मी त्याआधी कधीच नव्हतो. शेवटी माझी दया येऊन नकाशावाल्या साहेबांनीच तोड काढली. "सिमेंट लावू नका," ते हलक्या आवाजात म्हणाले. "नुसत्या विटा एकावर एक रचा. सिमेंट लावलं तर भिंत. नाही लावलं तर विटांचा साठा. साठ्याला आमची हरकत नाही."

मी खिंडारात माणसाच्या छातीएवढा विटांचा साठा उभा केला. लांबून अगदी भिंत दिसायची. त्या रात्री मी समाधानाने झोपलो.

सकाळी बघतो तर साठ्याला दोन्ही बाजूंनी पायऱ्या. वरच्या विटा काढून कुणीतरी खाली सुबकपणे मांडल्या होत्या. मी ऑफिसला जायच्या आधी पायऱ्या मोडून भिंत केली. संध्याकाळी आलो तर भिंत मोडून पायऱ्या. असं किती दिवस चाललं ते सांगत नाही, पण माझी कंबर धरली आणि दौलतच्या गिऱ्हाइकांची तब्येत सुधारली. येता-जाता ते माझी चौकशी करायचे. "काका, वाकून उचलू नका, बसून उचला," असं एकाने सांगितलं. माणूस शत्रूचा राग सहन करतो. काळजी सहन होत नाही.

मनुबाई मात्र खरोखरच अडली. डोक्यावर जड पाटी घेऊन डुगडुगत्या विटा ती चढणार कशी? तिने पलीकडूनच मंदाकिनीला हाक मारून सांगितलं, "बाय, ही भीत कुनी घातली? तुज्या घोवाला सांग, मी काय चोरी कराला येतंव?" आणि ती पलीकडच्या सोसायटीत विकू लागली. सगळं सरकार मिळून फक्त एका माणसाची वाट बंद करू शकलं, ती मनुबाईची. मंदाकिनीने त्या आठवड्यात सलग दुधी केला. मी निमूटपणे जेवलो.

चौबळ रविवारी दुपारी येणार हे नक्की झालं, तेव्हा मंदाकिनीने मला समोर बसवलं. "आपल्याकडे बघायला येणाऱ्यांना सोड्याचे पोहे देतात. माझ्या आईने दिले, तुमच्या आईने ते खाऊनच मला पसंत केलं. वाण्याकडच्या सुक्या कोळंबीला नुसता खारट वास. मला मनुबाईचे सोडे हवेत."

"रविवारचा एक दिवस साधे कांदेपोहे कर."

"कायस्थाच्या घरी येऊन कांदेपोहे खाऊन गेलेलं स्थळ परत आलेलं मी पाहिलं नाही," असं म्हणून ती उठून गेली. त्यानंतर तिने माझ्यामागे काय कारस्थान केलं ते मला नंतर कळलं. खिडकीखालून जाणाऱ्या एका आकडेबहाद्दराच्या हाती तिने दौलतला निरोप धाडला, की रविवारी मनुबाईला सोडे घेऊन काहीही करून पलीकडून पाठव. माझ्याच घरातून शत्रूशी संधान!

रविवारी मी जेवण उरकून, इस्त्रीचा झब्बा घालून, हातात छत्री घेऊन साठ्यापाशी खुर्ची टाकली. निदान पाहुणे येऊन जाईपर्यंत एकही माणूस वरून जाऊ-येऊ द्यायचा नाही, हा माझा निर्धार होता. मुंगीही मी अडवली असती. थोडा वेळ शांततेत गेला. मग पलीकडे कुजबुज झाली, विटा डुगडुगल्या आणि भिंतीवर एक पिकलं डोकं उगवलं.

इतक्या दिवसांच्या संतापाने मी छत्री उगारून उठलो. "ओ काका! लाज नाही वाटत? या वयात, रविवारी भरदुपारी आकडा लावून येताय? घरी बायकामुलं आहेत की नाहीत?"

ते डोकं एकदम पांढरंफटक पडलं. "आहेत," ते चाचरत म्हणालं. "मागेच उभी आहेत."

त्या डोक्याशेजारी जरीकाठाचा पदर घेतलेल्या एका बाईंचं डोकं वर आलं. "टिपणीस इथेच राहतात ना?" त्या म्हणाल्या. "आम्ही चौबळ, ठाण्याचे."

त्या क्षणी आराखड्यातला तो रस्ता खरोखर झाला असता आणि त्यावरून एखादा रोलर माझ्या अंगावरून गेला असता, तर मी दुसऱ्या खात्याचे आभार मानले असते. त्यांच्या मागून दौलत ओरडला, "साहेब, पाव्हणे तुमचे हायत! रिक्षावाल्याने मनाईची पाटी म्हणून शेताकडून थेट आमच्याकडे सोडले. चहा पाजलाय, काळजी नको!"

मग वरात उतरली. आकडे लावणाऱ्या चौघांनी चौबळबाईंना अलगद हातावर धरून अलीकडे दिलं, इतक्या मायेने की त्या सगळ्यांना "सुखी राहा" म्हणाल्या. चौबळ उतरले ते माझ्या नजरेला नजर न देता. मला वाटलं, अपमान झाला, स्थळ गेलं. सर्वांत शेवटी आनंद. तो उतरला आणि लगेच आत न येता मागे वळला, कारण पलीकडे मनुबाई डोक्यावर पाटी घेऊन उभी होती. विटा हलत होत्या. त्याने आपला नवा कोरा शर्ट त्या लाल विटांना टेकवला, दोन्ही हातांनी रचलेल्या पायऱ्या दाबून धरल्या आणि म्हणाला, "या मावशी, सावकाश. घाई नाही." तिची पाटी आधी उतरवून घेतली, मग तिला. मासळीचं पाणी त्याच्या बाहीवरून ओघळलं. मी हे बघत होतो, पण माझं डोकं चौबळांच्या पडलेल्या चेहऱ्यात अडकलेलं होतं.

आत सगळे बसले. सोडे आत्ताच आलेले, म्हणजे पोहे व्हायला वेळ. बोलायला विषय हवा म्हणून मी सरकारचं नवं धोरण समजावून सांगितलं. जुगार हा समाजाचा कसा शत्रू आहे, सभ्य माणसं त्याच्या वाऱ्यालाही कशी उभी राहत नाहीत, वगैरे. मी जसजसा रंगत गेलो तसतसे चौबळ खुर्चीत खचत गेले. मंदाकिनी आतून डोळे वटारत होती. चित्राने पोह्यांच्या डिश आणून ठेवल्या. सोड्यांचा खमंग वास सुटला, चौबळांनी पहिला चमचा तोंडाजवळ नेला, आणि स्वयंपाकघराच्या खिडकीतून दौलतचा आवाज आला.

"ओ ठाण्याचे काका! सत्ता फुटला! लागला तुमचा!"

चमचा तोंडाजवळच थांबला. मला काही कळेना. चौबळबाई संथपणे नवऱ्याकडे वळल्या. "कसला लागला?"

"ते... चहा पिता पिता..." चौबळ पुटपुटले. "रिक्षाने सोडलं, बसलो होतो, त्यांनी एवढा चहा दिला, तर म्हटलं रिकामं बसणं बरं दिसत नाही. कसं असतं ते नुसतं बघावं."

"आणि सातच का लावलात?"

चौबळांनी चमचा डिशमध्ये ठेवला. मग खाली बघत म्हणाले, "तुझ्या वाढदिवसाची तारीख ना. दुसरा कुठला आकडा सुचेना."

बाईंच्या चेहऱ्यावर जे काही झालं ते मला नीट सांगता येणार नाही. रागवायला म्हणून त्यांनी तोंड उघडलं आणि हसूच फुटलं. "अहो, लग्न झाल्यापासून एकदा तरी आठवण ठेवलीत का? आणि ती इथे, या अड्ड्यावर आठवली!" डोळे पुसत त्या मंदाकिनीकडे वळल्या. "बाई, आमच्या घरचं आता काही झाकायचं राहिलं नाही. तुमच्याकडचं काय ते सांगून टाका."

"आमचंही भिंतीपाशी उभं होतं की," मंदाकिनी माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "छत्री घेऊन."

मग सगळेच हसले. मीही हसलो, थोडा उशिरा. चौबळांनी पोहे दोनदा मागून घेतले.

पाहुणे गेल्यावर चित्रा ओट्यापाशी भांडी विसळत होती. मी चाचरत विचारलं, "काय कळवू त्यांना?"

"हो कळवा."

मी चकित झालो. एका फोटोला 'बघू' म्हणणारी ही मुलगी. "असं काय पाहिलंस त्याच्यात?"

"खिडकीतून सगळं दिसत होतं, बाबा," ती म्हणाली. "बाकीचे सगळे आत निघून आले. तो मनुबाई उतरेपर्यंत थांबला."

तो थांबला होता तेव्हा मी तिथेच उभा होतो, छत्री घेऊन. मला दिसलं नव्हतं, तिला दिसलं. माझी मुलगी माझ्यापेक्षा शहाणी आहे हे मला त्या दिवशी कळलं, आणि मनापासून बरं वाटलं.

पहिल्या खात्याने वर कळवलं की वाट पूर्णपणे बंद झाली आहे, सोसायटीचं सहकार्य उत्तम. दुसऱ्या खात्याने वर कळवलं की वाटेत कुठलंही बांधकाम नाही. दोन्ही खरं होतं. मधल्या काळात लग्न ठरलं, माघातला मुहूर्त निघाला, आणि आचाऱ्याने पहिलीच मागणी केली ती चुलींसाठी विटांची. "एवढा साठा पडलाय की तुमच्याकडे," तो म्हणाला. मी स्वतः वाकून, म्हणजे बसून, विटा उचलून दिल्या. चुली मोठ्या होत्या. खिंडार पुन्हा पहिल्यासारखं झालं. लग्नाला दौलत आला, हवालदार आला आणि दोघे एकाच पंगतीत बसून जिलबीच्या पैजा लावत होते. माझं तिकडे लक्षच नव्हतं.

पुढचं सगळं कंपाउंड मांडवाने भरलं होतं, त्यामुळे फुलांनी सजवलेली गाडी मागच्या शेताकडे उभी केली होती. संध्याकाळी चित्रा मंदाकिनीच्या गळ्यात पडून रडली, मनुबाईच्या पाया पडली, मग माझ्याकडे आली. "कंबर सांभाळा," एवढंच म्हणाली. आनंदने तिचा हात धरला आणि दोघं खिंडारातून पलीकडे उतरली. गाडी शेतातून डुलत डुलत ठाण्याच्या रस्त्याला लागली.

मी खिंडारात उभा होतो. एवढे महिने मी ज्या वाटेसाठी दोन खात्यांचे उंबरे झिजवले, ती समोर सताड उघडी पडली होती, आणि त्या क्षणी मला अगदी मनापासून वाटत होतं, की कुणीतरी येऊन ही वाट बंद करावी.